डाव्या हाताचा ढोल

दोनोस्तिया, ३ ऑक्टोबर

बित्तोर,

वर 'प्रिय' लिहायचं विसरले नाहीये. मुद्दाम वगळलंय.

अकरा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. आईच्या मातीला तू आला नाहीस, तेव्हाच ठरवलं होतं की या माणसावर शाईसुद्धा वाया घालवायची नाही. फेब्रुवारीत बाबा गेले तेही मी तुला कळवलं नाही, खालच्या फळवालीने कळवलं. मग तू काय पाठवलंस? गाडीच्या चाकाएवढं फुलांचं चक्र. ते आपल्या जिन्यात अडकलं, वरही जाईना आणि खालीही येईना. शेजारच्या म्हाताऱ्या दोन दिवस त्याला वळसा घालून जात होत्या आणि "बित्तोरला बापाची केवढी माया!" म्हणत डोळे पुसत होत्या. मी मूग गिळून बसले होते.

आता कामाचं बोलते. पुरुषांनी रांधायचं-जेवायचं ते मंडळ, तिथली बाबांची खुर्ची रिकामी आहे. नियम तू विसरला असशील, अमेरिकेत माणसं सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतात, म्हणून सांगते. मंडळातला माणूस गेला की त्याची खुर्ची त्याच्या मुलाला मिळते. पुढच्या सान सेबास्तियानच्या सणापर्यंत कुणी मागितली नाही, तर ती बाहेरच्याला जाते. बाहेर रांग लागलीये. पहिला नंबर त्या दात पाडणाऱ्या डॉक्टरचा, ज्याला साधं ऑम्लेट उलटता येत नाही.

मला ती खुर्ची हवी आहे. सरळ लिहिते, कारण तुला आडून सांगितलेलं कधी कळलं नाही.

अध्यक्ष अजून काशियानोच आहे. मासळी बाजारातून निवृत्त झाला तरी आवाज अजून मासळी बाजारातलाच. तो म्हणतो, "इन्याशी, कागदावर बाईला बंदी नाही. पण ज्या पोराने लहानपणी मंडळाच्या झेंड्याखाली ढोल वाजवला, खुर्ची त्यालाच. भिंतीवर फोटो आहे आणि फोटोखाली नाव बित्तोरचं आहे. काय ते बित्तोरला सांगू दे." ऐकलंस? ज्या बाईने बापाला सोळा वर्षं सांभाळलं, न्हाऊ घातलं, चौथ्या मजल्यावरून हाताला धरून उतरवलं, तिचा शब्द यांना पुरत नाही. समुद्रापलीकडे पळून गेलेल्याचा पुरतो.

फोटोत कोण आहे हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. ती सणाची, विसाव्या जानेवारीची सकाळ. खाली गल्लीत सगळी पोरं सैनिकांचे कपडे घालून ओळीत उभी. बाबा झेंडा घेऊन पुढे. आणि तू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून ओकत होतास. "ताई, मला नाही जमणार, ताई, मला नाही जमणार." आईने तुझ्या अंगातून तो निळा कोट ओढून काढला, माझ्या अंगात घातला, माझ्या वेण्या टोपीत कोंबल्या आणि म्हणाली, "चालू लाग. तोंड उघडू नकोस." मुलींना तेव्हा ढोलाला हात लावायची परवानगी नव्हती. मी सगळं शहर वाजवत फिरले. संध्याकाळी मंडळाने तुला शाबासकी दिली. ईल माशांचं मोठं ताटही तुलाच. तू खाल्लंस.

मी कधी काही म्हटलं? पण आता ऐक. गेल्या आठवड्यात माझ्याकडे एक अमेरिकन जोडपं आलं, जुनं शहर बघायला. नवरा म्हणाला, "आमच्या बॉयसीत एक बास्क खानावळ आहे, मालक तुमच्याच गावचा. लहानपणी काय ढोल वाजवायचा म्हणे!" आणि खिशातून तुझं मेन्यूकार्ड काढून दाखवलं. त्यावर मी! बारा वर्षांची, टोपीत, ढोल गळ्यात. आणि खाली तुझं नाव, सोनेरी अक्षरांत. त्या दोघांना मी उरलेली सगळी सहल शहराची उलटी बाजू दाखवली. मागच्या गल्ल्या, कचऱ्याचे डबे, माशांची खोकी. "किती अस्सल!" म्हणत होते बिचारे.

दोन ओळी लिही. फोटोतलं पोर मी नाही, ताई आहे. खाली सही. बाकी मायेचं काही लिहू नकोस, मला वाचवणार नाही.

इन्याशी

दोनोस्तिया, २५ ऑक्टोबर

बित्तोर,

तुझं उत्तर पोचलं. उत्तर कसलं, गुळमुळीत खीर.

"ताई, लहानपणची गंमत ती, आता कशाला उकरायची?" गंमत? जिन्यात कुणाची गंमत झाली होती रे? "फोटो दुकानाच्या पाटीवर आहे, टीव्हीवाल्यांनी मुलाखत घेतली होती, लिएर्नीला मी हीच गोष्ट सांगून झोपवायचो, तिला आता काय सांगू?" आणि शेवटी, मोठ्या मनाने, "खुर्ची तू घे, माझी काहीच हरकत नाही."

हरकत नाही! अरे, जे तुझं नाहीच ते द्यायला तुझी हरकत असेलच कशी?

तुझं हे औदार्य मी काशियानोला वाचून दाखवलं. तो मिरच्या निवडत बसला होता. म्हणाला, "हे नव्हे." मी म्हटलं, "म्हणजे?" म्हणाला, "हे नव्हे म्हणजे हे नव्हे." आणि पुन्हा मिरच्या. ही आपली पुरुषमंडळी! बोलतात कमी, कारण बोलण्यासारखं काही नसतं, आणि गाव समजतं की फार खोल आहेत.

तुला त्यांची आठवण येत असेल तर सांगते, काहीही बदललेलं नाही. तीच लांब टेबलं, तीच भांडणं. कॉड माशाच्या भांड्यात चमचा घालायचा नाही, भांडं नुसतं हलवत राहायचं आणि तेलाचा रस्सा घट्ट होऊ द्यायचा, हे जणू देवाने यांच्याच कानात सांगितलंय. बायकांनी पाहुणी म्हणून यावं, टेबलाशी बसावं, वा वा म्हणावं. जिथे लाकडी जमीन संपते आणि स्वयंपाकघराची लाल फरशी सुरू होते, तिथे थांबावं. लाल फरशीवर एकाच बाईचा पाय पडतो, कार्मेलेचा. तीही पुरुष घरी गेल्यावर येते, भांडी घासायला. त्याला मात्र कुणाची परंपरा आडवी येत नाही.

काल एक निवृत्त न्यायाधीश आला होता, सोबत तिसरी बायको. उरगुलच्या टेकडीवर मी घसा सुकेपर्यंत बोलले आणि त्याने विचारलं, "इथे चांगला पायेया कुठे मिळतो?" मी त्याला स्टेशनचा रस्ता दाखवला. तो भात वालेन्सियाचा, तिकडची गाडी तिथून सुटते म्हटलं. बायको हसली. तिचं फार दिवस टिकेलसं वाटत नाही.

तर तुझी भीती काय आहे, की पोरीला कळेल? कळू दे. पोरीला बाप खोटारडा निघाला तर चार दिवस रडेल. भित्रा निघाला तर जास्त दिवस लागतील, हे खरं. पण हे मी सांगायची वेळ येऊ देऊ नकोस.

सणाला तीन महिनेही राहिलेले नाहीत.

इन्याशी

दोनोस्तिया, १९ नोव्हेंबर

बित्तोर,

काल मला हॉफमन नावाचं एक गिऱ्हाईक मिळालं. पंचविशीची मुलगी, एकटी, आख्ख्या दिवसाचं बुकिंग. "जुनं शहर, तिथल्याच माणसाच्या नजरेतून" अशी मागणी. पुलापाशी भेटायचं ठरलं होतं. पुलाच्या दुसऱ्या टोकाला ती दिसली आणि मी मनात म्हटलं, अगं बाई! आईचं नाक! तेच, मध्ये किंचित उंचवटा असलेलं, जन्मभर आई ज्याच्या नावाने बोटं मोडायची. एवढं ठसठशीत नाक घेऊन माणसाने खोट्या आडनावाने फिरू नये.

"मी पहिल्यांदाच येतेय," ती म्हणाली. "इथे माझ्या ओळखीचं कुणीच नाही." आणि कानाची पाळी ओढली. तूही खोटं बोलताना तीच ओढायचास.

"बरं झालं," मी म्हटलं. "ओळखीची माणसं असली की शहर नीट दिसत नाही."

मी तिला सगळीकडे फिरवलं. सांता मारियाच्या पायऱ्या, बंदर, ब्रेचाची मंडई. ३१ ऑगस्टच्या गल्लीत थांबून सांगितलं की आख्ख्या जुन्या शहरातली एवढीच एक ओळ आगीतून वाचली. इंग्रज आणि पोर्तुगीज आम्हाला फ्रेंचांपासून सोडवायला आले होते, आणि सोडवता सोडवता गाव जाळून गेले.

"मग त्यांनी माफी मागितली?"

"दोनशे वर्षं झाली. वाट बघतोय."

ती हसली. बोलकी आहे तुझी पोर, आणि ऐकते. हे गुण तुझ्या घरात कुठून आले माहीत नाही. आईकडचे असावेत, तिच्या आईकडचे. संविधान चौकात खिडक्यांवर आकडे का आहेत ते तिने स्वतःच ओळखलं. "इथे बसून लोक काहीतरी बघत असतील. जागांचे नंबर ना हे?" बरोबर म्हटलं, बैलांच्या झुंजी. माझ्या नोकरीत असं गिऱ्हाईक वर्षातून एकदा मिळतं.

दुपारी बारमध्ये मी तिला मिरची-मासा-ऑलिव्हची काडी दिली. तिखट निघाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून आपल्या आईची ती नेहमीची शिवी बाहेर पडली, अस्सल, बंदरावरची, आईच्याच हेलात. सकाळी मला सांगत होती की बास्कचा एक शब्द येत नाही! मी चाकोली वाइन ओतत होते, आपण ओततो तशी, बाटली वर धरून. शिवी मी ऐकलीच नाही असं दाखवलं. पण पोरीचं लक्ष शिवीवर नव्हतं, माझ्या हाताकडे होतं. माझ्या डाव्या हाताकडे.

"तुम्ही डावखुऱ्या आहात."

"देवाची चूक," मी म्हटलं. "शाळेत हात बांधून ठेवायचे. तरी सुटला नाही."

मग तिने हळूच विचारलं, एक विशिष्ट घर बघता येईल का. तिच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितलंय म्हणे. ते लहानपणी ढोल घेऊन त्या जिन्यावरून धावत उतरायचे आणि गल्ली टाळ्या वाजवायची. ओळखीचे गृहस्थ! मी तिला आपल्याच दारात नेलं. जिना दाखवला. ती तिसऱ्या पायरीपाशी उभी राहिली, कठड्यावरून हात फिरवत होती. बित्तोर, मला बोलायचं होतं. शब्द तोंडात आला होता. गेली सत्तेचाळीस वर्षं तो मी तिथेच ठेवलाय. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि नाही बोलवलं. एवढंच म्हणाले, "पायरी सैल आहे, सांभाळ."

मग मंडळात नेलं. पाहुणी म्हणून नेता येतं. काशियानो आणि आणखी चौघे पत्ते कुटत होते. काशियानोने तिच्या नाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पत्त्यांत डोकं घातलं. ती थेट भिंतीवरच्या फोटोपुढे गेली. बराच वेळ उभी होती. तुला तो फोटो पाठ असेल, मेन्यूवरच छापलायस, पण तू कधी नीट बघितलास का? सगळ्या पोरांचे ढोल डाव्या मांडीवर लटकलेत. एकाच पोराचा उजव्या मांडीवर आहे. डावखुरा माणूसच ढोल तसा लटकवतो.

तिने विचारलं, "हा मुलगा डावखुरा होता?"

पत्ते थांबले.

मी म्हटलं, "त्या दिवशी होता."

"माझ्या ओळखीचे ते गृहस्थ कांदा उजव्या हाताने चिरतात."

"थंडी असते जानेवारीत," मी म्हटलं. "बोटं गारठली की पोरं कुठल्याही हाताने वाजवतात." ऐकलंस, बित्तोर? तुझ्यासाठी मी खोटं बोलले. माझ्याच फोटोपुढे उभी राहून, माझ्याच विरुद्ध. मला माझाच इतका राग आला की परतताना मी तिला शहराबद्दल काहीही सांगितलं नाही.

पुलावर निरोप घेताना तिने माझा हात धरला. डावा.

"येते, आत्या," ती म्हणाली.

आता तू तिला काय सांगायचं ते तुझं तू बघ. मी काही सांगितलेलं नाही.

इन्याशी

दोनोस्तिया, ८ डिसेंबर

बित्तोर,

काही लिहू नकोस. कागद नको, सही नको, तुझी ती थोर हरकत-नाही पण नको. मी अर्ज मागे घेतलाय. दात पाडणाऱ्याला बसू दे तिथे, आणि ऑम्लेट जाळू दे.

का, ते सांगते. काल मी काशियानोकडे गेले होते. म्हटलं, भावाचा कागद यायचा नाही, तो शेपूट घालून बसलाय. त्याऐवजी माझ्या हातात ढोल द्या, मी सगळी गाणी वाजवून दाखवते, चुकले तर हाकला. म्हाताऱ्याने हातातला कांदा खाली ठेवला. मग म्हणाला, "इन्याशी, वाजवून काय दाखवतेस? आम्हाला काय डोळे नव्हते? मोठ्या गल्लीच्या कोपऱ्यावरच तुझी वेणी टोपीतून बाहेर आली होती. सगळ्यांनी बघितली. तुझा बाप तर दर जानेवारीला आत स्वयंपाकघरात दोन पेले झाले की सांगायचा, माझी पोरगी कशी वाजवून गेली."

आत सांगायचे. लाल फरशीवर. जिथे मला जाता येत नव्हतं, तिथे.

मी विचारलं, "मग सगळं माहीत आहे तर बित्तोरचा कागद कशाला?"

तर म्हणतो, "तुझ्या बापाने, एश्तेबानने, सांगून ठेवलंय. खुर्ची इन्याशीचीच, पण बित्तोरने स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावर. म्हणाला, माझा पोरगा त्या जिन्यातून कधी खाली उतरलाच नाही. अमेरिकेत गेला तरी अजून तिथेच बसलाय. त्याला उतरू द्या."

समजलं? मेल्यावरसुद्धा बाबांनी ताट आधी तुझंच वाढलं. माझी खुर्ची म्हणजे तुला उतरायचा कठडा. सोळा वर्षं त्यांना मी सांभाळलं, शेवटचे दिवस हगणं-मुतणंही काढलं, आणि शेवटची काळजी कुणाची? तर चक्र पाठवणाऱ्याची! मला एक शब्द बोलले नाहीत. रोज रात्री "इन्याशी, उशी नीट कर" म्हणायचे, तेव्हा हेही सांगता आलं असतं.

मी काशियानोला म्हटलं, तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी आहात. तोही आणि तुम्हीही. दार आपटून आले.

खुर्ची कशाला हवी होती ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. दर गुरुवारी बाबा मंडळात रांधायचे आणि मी जेवायला जायचे. माझं ताट ते स्वतः लाल फरशीच्या काठापर्यंत घेऊन यायचे आणि मी या बाजूने हात पुढे करायचे. फेब्रुवारीपासून मी गुरुवारी घरी ब्रेड खाते, उभ्याने. टेबलाशी बसले की माझी बोटं आपोआप वाजवायला लागतात आणि खालची फळवाली काठीने छत ठोकते.

बस. संपलं आपलं.

इन्याशी

दोनोस्तिया, १५ जानेवारी

बित्तोर,

काल तू फोन केलास, तेव्हा इकडे काय झालं ते तुला दिसलं नसेल. म्हणून लिहिते. दुसरं कारण नाही.

काशियानोने मला रविवारी जेवायला बोलावलं होतं. नाही म्हटलं तर स्वतः चार मजले चढून आला, धापा टाकत, दारात मरतोय की काय वाटलं. गेले. सगळे जमले होते, दात पाडणाराही नवीन शर्ट घालून. काशियानो कॉडचं भांडं हलवत होता आणि त्याचा फोन फळीवर वाजला. हात तेलाचे, म्हणून त्याने नाकाने बटण दाबलं. कसलं बटण दाबलं देव जाणे, तुझा आवाज आख्ख्या मंडळात घुमला. तिकडे सकाळचे सात वाजले असतील. तुझा आवाज झोप न झालेल्या माणसासारखा होता.

"काशियानो काका, मी बित्तोर. एश्तेबानचा." आणि मग नुसता श्वास. चमचे थांबले. मला वाटलं, ठेवतोय आता. पैज लावायला तयार होते मी, आता ठेवतोय. पाठीमागून पोरीचा आवाज आला, "बोला ना, बाबा." आणि तू बोललास. गंजलेल्या बास्कमध्ये, लहान पोरासारखं अडखळत. "फोटोतला मी नाही. ती ताई आहे. मी जिन्यात होतो."

काशियानो भांडं हलवायचं विसरला. म्हणजे काय ते तुला कळेल. मग तो म्हणाला, "माहीत आहे रे, पोरा. इतकी वर्षं तुझीच वाट बघतोय. ये आता खाली." तिकडून तुझं रडणं ऐकू आलं. साठीला टेकलेल्या माणसाने इतक्या मोठ्याने रडू नये, फोनचा आवाज फाटत होता. आणि इकडे ते सगळे खोल, अबोल, रुबाबदार पुरुष ताटांत बघत नाकं ओढत होते. दात पाडणारा तर नॅपकिनमध्ये तोंड खुपसून बसला होता. अशी मंडळी मला परंपरा शिकवतात!

मी रडले नाही. कॉडचा रस्सा फाटायला लागला होता, तेल वेगळं होत होतं. एवढा महाग मासा! मी उठले, गेले, काशियानोच्या हातातून भांडं घेतलं आणि हलवायला लागले. रस्सा परत जुळून आला. मग लक्षात आलं की सगळे माझ्या पायांकडे बघतायत. मी लाल फरशीवर उभी होते.

कुणी मला बाहेर हो म्हटलं नाही. मीही बाहेर आले नाही.

माझा मागे घेतलेला अर्ज काशियानोने परत पुढे केला आणि जेवणानंतर मतदान झालं, आपलं नेहमीचं, राजम्याच्या दाण्यांनी. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. मडकं उलटं केलं, तर सगळे पांढरे आणि एक काळा. तीन काळे लागतात नाकारायला. तो एक कुणाचा हे मला पक्कं ठाऊक आहे. तो दाणा मी खिशात घालून आणलाय. त्याची गुरुवारी रांधायची पाळी आली की त्याच्याच भांड्यात घालीन.

काशियानोने भिंतीवरचा फोटो खाली काढला आणि तळाची नावाची चिठ्ठी खरवडली. लिएर्नीने मला कळवलंय की तुझ्या पाटीवरचं नाव तिने रंगवून बदललं, आणि शिडी तू धरली होतीस. पुढच्या सहलीत तुझी गिऱ्हाइकं मला विचारतील, खानावळीच्या पाटीवर ही मुलगी कोण. मी त्यांना पुढचा रस्ता दाखवीन. सांगायचं तेव्हा तू सांग. सवय होऊ दे तोंडाला.

बाबांवरचा माझा राग गेलेला नाही. त्यांनी तुला आधी वाढलं ते वाढलंच. पण त्या दिवशी ईलांचं मोठं ताट तुला दिल्यावर ते स्वयंपाकघरात जाऊन एकटेच उभे होते, असं काशियानो म्हणाला. का, ते त्याने कधी विचारलं नाही. मीही आता विचारू शकत नाही.

लिएर्नी म्हणते, तू विसाव्या तारखेसाठी विमानं बघतोयस. येणार असशील तर ये. मी बाबांच्या जागी उभी राहणार आहे, ढोल उजव्या मांडीवर. तुला ढोल मिळणार नाही, आशा ठेवू नकोस. घरी झोपायला बाबांची खोली आहे, उशी मी नीट करून ठेवलीये. आणि ऐक, सणाच्या दिवशी कार्मेलेला सुट्टी दिली आहे. मी मंडळाला सांगून टाकलंय की यंदा भांडी घासायला माझा भाऊ येतोय.

तुझी
ताई